पोहणारी पोरं गावोगाव, मग पदकं का नाहीत? पोहण्याचा कोच नेमकं काय करतो, समजून घ्या

मानकोली (ता. भिवंडी) : उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारच्या वेळी कुठल्याही गावातल्या भरलेल्या विहिरीवर जाऊन बघा. पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधून लहान पोरं कडेकडेने हातपाय मारत असतात आणि मोठी पोरं कठड्यावरून थेट उड्या टाकत असतात. खाडीकाठच्या गावांत तर पोहणं ही शिकवायची गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नाही. पोरगं चालायला लागतं तसं ते पोहायलाही लागतं, असाच सगळ्यांचा समज.

मग एक साधा प्रश्न पडतो. पाण्याला न घाबरणारी एवढी पोरं आपल्या भागात असताना स्पर्धेच्या यादीत त्यांची नावं का दिसत नाहीत? "आपल्याकडे स्विमिंग पूल नाही" हे उत्तर लगेच येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर कोच या माणसात आहे. कोच म्हणजे पोहायला शिकवणारा, एवढंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचं काम वेगळं असतं. ते काम काय, आणि त्यातलं आपल्या शाळा-कॉलेजात काय करता येईल, ते पाहूया.

सेकंदाचा शंभरावा भाग

सुरुवात आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांच्यापासून करू. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ते भारताकडून पोहले तेव्हा त्यांचं वय होतं १६. पुढे २०१० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधी भारताला आशियाई स्पर्धेत पोहण्याचं पदक मिळालं होतं ते १९८६ मध्ये, खजान सिंग यांना. म्हणजे २४ वर्षं देशाचे हात रिकामे होते आणि ती रांग मोडली ती कोल्हापूरच्या पोराने. या कामगिरीनंतर राज्य सरकारने त्यांना तहसीलदार म्हणून नेमलं.

आता २०१८ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा घ्या. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत खाडे यांनी वेळ दिली २२.४७ सेकंद. तिसरा आलेला जपानचा पोहणारा २२.४६ सेकंदांत पोचला होता. फरक किती, तर सेकंदाचा शंभरावा भाग. पाण्यात त्या वेगाने जाताना एवढ्या वेळात अंतर कापलं जातं साधारण सव्वादोन सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढं. तेवढ्यावरून कांस्य हुकलं.

हा पेराएवढा फरक डोळ्यांनी दिसत नाही आणि नुसती ताकद लावूनही तो भरून निघत नाही. उडी किती कोनात मारली, हात पाण्यात कुठे घातला, शेवटच्या दहा मीटरला मान वर उचलली का, अशा बारीक गोष्टींत तो दडलेला असतो. त्या शोधून काढणारा माणूस म्हणजे कोच. खाडे यांनी मोठा सराव केला तो बेंगळुरूला, निहार अमीन यांच्या हाताखाली. अमीन यांना २०१५ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. म्हणजे कोल्हापूरच्या पोराला पाणी कोल्हापुरातही होतं. तरी घर सोडून एवढ्या लांब जावं लागलं ते कोचसाठी आणि तिथल्या सरावासाठी.

समुद्र नसलेल्या राज्यातला कोच

कोच काय करू शकतो याचा सगळ्यात मोठा दाखला मात्र अमेरिकेतला आहे, आणि तो एका कॉलेजच्या कोचचा आहे. नाव जेम्स कौन्सिलमन. पोरं त्यांना 'डॉक' म्हणत. जन्म २८ डिसेंबर १९२० चा. स्वतः ब्रेस्टस्ट्रोकचे, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याच्या प्रकारातले चांगले खेळाडू. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमान चालवलं आणि शौर्यपदक मिळवलं. युद्ध संपल्यावर शिक्षण पुरं केलं आणि आयोवा विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. म्हणून 'डॉक'.

पहिली मोठी नोकरी न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलँड नावाच्या छोट्या कॉलेजात. तिथे त्यांना जॉर्ज ब्रीन नावाचा मुलगा मिळाला. हा मुलगा स्पर्धेसाठी पोहायला लागला तोच मुळी कॉलेजात आल्यावर. पोहणं लहानपणापासूनच सुरू व्हायला हवं, असं तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. तरीही ब्रीन १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधून पदकं घेऊन परतला आणि १५०० मीटरमध्ये त्याने जागतिक विक्रमही केला. "आमच्या पोराचं वय गेलं" असं म्हणणाऱ्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावं.

१९५७ मध्ये कौन्सिलमन इंडियाना विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ ब्लूमिंग्टन नावाच्या गावात आहे. इंडियाना राज्याला समुद्रकिनारा नाही आणि ब्लूमिंग्टन तर आतल्या भागात. मका-सोयाबीन पिकवणारा मुलूख. तिथल्या कॉलेजच्या संघाने पुढे जे केलं ते असं :

• त्या भागातल्या मोठ्या विद्यापीठांच्या 'बिग टेन' गटाचं विजेतेपद १९६१ ते १९८० सलग २० वर्षं.
• सगळ्या देशाच्या कॉलेजांचं, म्हणजे 'एनसीएए'चं विजेतेपद १९६८ ते १९७३ सलग ६ वर्षं.
• १९६४ टोकियो आणि १९७६ माँट्रियल या दोन ऑलिम्पिकना अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य कोच स्वतः कौन्सिलमन. माँट्रियलमध्ये पुरुषांच्या १३ शर्यतींपैकी १२ सुवर्णपदकं अमेरिकेला.

आकडे मोठे आहेत, पण तारखा नीट बघा. कोच आले १९५७ मध्ये आणि देशाचं पहिलं विजेतेपद मिळालं १९६८ मध्ये. मधली ११ वर्षं गेली. त्यातली काही वर्षं तर संघ चांगला असूनही देशाच्या स्पर्धेत उतरता आलं नाही, कारण विद्यापीठाच्या फुटबॉल विभागाने खेळाडू घेताना नियम मोडले आणि त्याची शिक्षा सगळ्याच खेळांना झाली. चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला. तरी सराव थांबला नाही. आपल्याकडे दोन वर्षांत पदक आलं नाही तर कोच बदलतात किंवा खेळच बंद करतात, म्हणून हे सांगायचं.

त्यांनी वेगळं काय केलं?

पहिली गोष्ट, पाण्याखाली पाहिलं.

काठावर उभं राहिलं की पोहणाऱ्याचं डोकं, खांदे आणि उडणारं पाणी दिसतं. खरं काम चालतं ते पाण्याखाली. कौन्सिलमन यांनी कॅमेरा पाण्याखाली नेऊन पोहणाऱ्यांची फिल्म काढली. तोवर असं शिकवत की हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढा. फिल्ममध्ये वेगळंच दिसलं. सगळ्यात वेगवान पोहणारे कोपर वाकवत होते आणि त्यांचा हात सरळ रेषेत न जाता वळण घेत जात होता. स्वतः पोहणाऱ्यालाही आपला हात असा जातो याची कल्पना नसे.

हे सगळं त्यांनी १९६८ मध्ये 'द सायन्स ऑफ स्विमिंग' या पुस्तकात मांडलं. पोहण्याच्या कोचसाठी ते अनेक वर्षं मुख्य पुस्तक राहिलं. हाताच्या वळणाचं जे कारण त्यांनी पुढे दिलं ते विमानाच्या पंखाला मिळणाऱ्या उचलीवर बेतलेलं होतं. नंतरच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली आणि पाणी मागे ढकलण्याचा वाटाच मोठा असल्याचं दाखवलं. पण 'आधी बघा, मग शिकवा' ही त्यांची पद्धत आजही सगळीकडे चालते.

दुसरी गोष्ट, घड्याळ लावलं.

विहिरीत पोहणारं पोरगं दमेपर्यंत पोहतं आणि मग बाहेर येऊन बसतं. किती पोहलं, किती वेळात, कुणालाच माहीत नसतं. कौन्सिलमन यांच्या पूलवर काठाला मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ असे. पोहणाऱ्याला पाण्यातूनच आपली वेळ दिसायची. सराव तुकड्यांत असायचा. समजा, १०० मीटर दहा वेळा पोहायचं आणि दर दोन मिनिटांनी निघायचं. जो दीड मिनिटात पोचला त्याला अर्धा मिनिट विश्रांती. जो पावणेदोन मिनिटांत पोचला त्याला पंधराच सेकंद. याला 'इंटरव्हल ट्रेनिंग' म्हणतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर ४०० मीटरचे राउंड मारतात ना, तोच हिशेब.

यात फायदा असा की एकदम लांब पोहताना दमल्यावर हातपाय वेडेवाकडे पडतात आणि तीच चुकीची सवय लागते. तुकड्यांत पोहलं की वेग टिकतो आणि हाताची पद्धतही टिकते. स्पर्धा जवळ आली की सराव कमी करून शरीराला विश्रांती द्यायची, हेही त्यात आलंच. आदल्या दिवसापर्यंत दमवून स्पर्धेला पाठवणं हे मेहनतीचं लक्षण वाटत असलं तरी खेळाडूचं त्याने नुकसानच होतं.

तिसरी गोष्ट, माणूस सांभाळला.

मार्क स्पिट्झ हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकआधी हा तरुण म्हणत होता की मी सहा सुवर्णपदकं आणणार. आली दोन, तीही रिलेमध्ये, म्हणजे चौघांच्या शर्यतीत. एकट्याच्या शर्यतीत एकही सुवर्ण नाही. हिरमुसलेला, इतर खेळाडूंशी फारसं न पटणारा असा हा मुलगा त्यानंतर इंडियानाला कौन्सिलमन यांच्याकडे आला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्याने सात शर्यतींत भाग घेतला आणि सातही जिंकल्या, सातही जागतिक विक्रमासह. त्याच्या घडणीत आधीच्या कोचचाही वाटा होताच. पण पडलेल्या पोराला संघात सामावून घेऊन पुन्हा उभं करणं हे कॉलेजच्या कोचचं काम, आणि ते इथे झालं.

कौन्सिलमन सरावात पोरांना मेहनतीचं बक्षीस म्हणून जेली बीनच्या गोड गोळ्या वाटत. ऑलिम्पिक पदकवालेसुद्धा त्या गोळीसाठी धडपडत. पाठीवर थाप मारायला खर्च लागत नाही, हे ते जाणून होते.

चौथी गोष्ट, स्वतः पाण्यात उतरले.

१९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, कौन्सिलमन यांनी इंग्लंड आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी पोहून पार केली. १३ तासांहून अधिक वेळ थंड पाण्यात. तोवर एवढ्या वयाच्या कुणीही ती पार केली नव्हती. १९९० मध्ये ते निवृत्त झाले आणि ४ जानेवारी २००४ रोजी त्यांचं निधन झालं.

आणि तो सेकंदाचा शंभरावा भाग? १९७६ च्या माँट्रियलमध्ये जिम माँटगोमेरीने १०० मीटर फ्रीस्टाइल ४९.९९ सेकंदांत पोहून दाखवलं. ५० सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिला माणूस. तोही इंडियानाचाच. त्याला विक्रमापार नेणारा शंभरावा भाग आणि खाडे यांचं पदक हुकवणारा शंभरावा भाग सारखाच.

डायव्हिंग म्हणजे नुसती उडी नाही

कॉलेजच्या संघात पोहणं आणि डायव्हिंग दोन्ही असतं. दोन्हींचे गुण एकाच बेरजेत जातात. म्हणजे पोहणारे थोडे कमी पडले तरी उडी मारणारे संघाला वर काढू शकतात. इंडियानाला उड्यांचे कोच होते होबी बिलिंग्सली. कौन्सिलमन यांच्या बरोबरीने त्यांनी जवळपास तीस वर्षं तिथे काढली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घडवलेल्या दोघांनी सुवर्णपदक घेतलं. केन सिट्झबर्गरने लवचिक फळीवरून आणि लेस्ली बुश या मुलीने दहा मीटर उंचीवरून. आज ब्लूमिंग्टनच्या त्या तरणतलावाला कौन्सिलमन आणि बिलिंग्सली या दोघांचंही नाव आहे.

डायव्हिंगचे गुण कसे धरतात ते सोपं आहे. मोठ्या स्पर्धेत सात पंच प्रत्येक उडीला शून्य ते दहा गुण देतात. वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून टाकतात, म्हणजे कुणी पंच फार मेहेरबान किंवा फार कडक असला तरी फरक पडत नाही. उरलेल्या तिघांची बेरीज करून तिला उडीच्या अवघडपणाच्या आकड्याने गुणतात. समजा उरले ७, ७ आणि ७.५. बेरीज २१.५. उडीचा अवघडपणा २. गुण झाले ४३. सोपी उडी अगदी छान मारली आणि अवघड उडी बऱ्यापैकी मारली, तर कोणती फायद्याची हे कोच या हिशेबानेच ठरवतो.

बिलिंग्सली यांची खासियत ही की हवेतल्या कोलांट्या ते भौतिकशास्त्राच्या नियमांनी समजावत. अंग आवळलं की फिरण्याचा वेग वाढतो, ताणलं की कमी होतो. फळी सोडताना जे बळ मिळालं ते मिळालं, हवेत नवं मिळत नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला न्यूटन इथे उपयोगी पडतो.

इथे एक धोक्याची सूचना

हे वाचून कुणी विहिरीत किंवा खाडीत डोक्यावर उडी मारायला जाऊ नये. डायव्हिंगच्या पूलला खोली मोजून ठरवलेली असते आणि तळ माहीत असतो. विहिरीत पाणी किती उरलंय, खाली दगड आहे की गाळ, हे वरून कळत नाही. गेल्या वर्षी खोल असलेली जागा यंदा गाळाने भरलेली असू शकते. उथळ पाण्यात डोकं आपटलं तर मानेचा मणका मोडतो आणि धडधाकट पोरगं जन्मभर अंथरुणाला खिळतं. अनोळखी पाण्यात पाय आधी, तेही खोली तपासून.

खाडीचं तर वेगळंच. भरती-ओहोटीचा ओढ पोहण्यातल्या हुशारीला जुमानत नाही आणि चिखलात पाय रुतला तर चांगला पोहणाराही अडकतो. बंद पडलेल्या दगडखाणीत साठलेलं पाणीही तसंच फसवं. कुणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकण्याआधी दोर, रिकामा कॅन, लांब बांबू, साडी, जे हाताला येईल ते फेका आणि ओरडून माणसं गोळा करा. एकाला वाचवताना दोघं गेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

मग आपल्याकडे काय करता येईल?

कौन्सिलमन यांना पाण्याखालची फिल्म काढायला खास कॅमेरा लागला, फिल्म धुवायला पाठवावी लागली. आज तीच सोय गावातल्या प्रत्येक पोराच्या खिशात आहे. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे, व्हिडिओ आहे, 'स्लो मोशन' आहे. कमी आहे ती बघून लिहून ठेवणाऱ्या माणसाची. आपल्या दूध डेअरीत रोज फॅट आणि लिटर वहीत चढतात म्हणून कुठली म्हैस परवडते ते कळतं. पोराचं पोहणंही तसं वहीत चढलं तर कळेल.

शाळेतले खेळाचे सर किंवा पालक एवढं करू शकतात :

१) अंतर ठरवा. पूल बहुतेक २५ किंवा ५० मीटरचा असतो. अंतर माहीत असल्याशिवाय वेळेला अर्थ नाही. म्हणून मोजमाप पूलमध्येच करा, विहिरीत किंवा खाडीत नाही.

२) वेळ आणि हात दोन्ही मोजा. समजा पोरगं २५ मीटर २४ हातांत आणि २२ सेकंदांत गेलं. महिन्याने तेच अंतर तेवढ्याच वेळात २० हातांत गेलं, तर त्याचा प्रत्येक हात जास्त पाणी ढकलतोय. ही खरी प्रगती.

३) बाजूने व्हिडिओ काढा आणि हळू करून पोरालाच दाखवा. अनेक तरणतलावांवर शूटिंगला मनाई असते, म्हणून आधी विचारा. दुसऱ्यांची मुलं चित्रीकरणात येणार नाहीत हे पाहा.

४) मानेकडे लक्ष द्या. विहिरीत-खाडीत पोहणाऱ्यांची एक सवय सगळ्यांत असते, डोकं पाण्यावर ठेवायचं. पुढचं दिसावं म्हणून ते तिथे बरोबरच आहे. पण डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि अंग पाण्याला अडतं. पूलमध्ये नजर तळाकडे, श्वास पाण्यात सोडायचा आणि घेताना मान फक्त बाजूला वळवायची. ही एक सवय सुटली तरी वेळेत मोठा फरक पडतो.

५) लाथ गुडघ्यातून नको, मांडीपासून हवी. सायकल चालवल्यासारखे पाय हलत असतील तर पाणी उडतं खूप, पण पोरगं पुढे जात नाही.

पूलचा प्रश्न उरतोच. भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात गोदामांचे प्लॉट वाढले, पण मुलांना पोहायला सुरक्षित पाणी वाढलं नाही. तरी मानकोली-मोठागाव पुलामुळे डोंबिवली आता जवळ आली आहे. तिथल्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात तरणतलाव आहे. ठाण्यात महापालिकेचा कै. मारोतराव शिंदे तरणतलाव आहे. वेळ, फी आणि प्रवेश चालू आहे का, याची चौकशी करूनच जावं.

कॉलेजच्या पोरांसाठी वाट

आपल्याकडे अमेरिकेसारखे कॉलेजचे स्वतःचे पूल फारसे नाहीत, पण वाट आहे. कॉलेजचा विद्यार्थी आधी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तिथून निवड झाली की विद्यापीठाच्या संघातून भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्यात पोहणं आणि डायव्हिंग दोन्ही असतात. २०२० पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या, पहिली भुवनेश्वरला झाली आणि त्यातही पोहणं आहे. अर्ज कॉलेजच्या जिमखान्यातूनच जातो. कॉलेजात पूल नाही म्हणून नाव देता येत नाही असं नाही. पण त्यासाठी जिमखान्याच्या सरांकडे वर्ष सुरू होतानाच जायला हवं. परीक्षेच्या तोंडावर गेलं तर उपयोग नाही.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतलं कोणतं स्थान त्यात धरतात याचे नियम ठरलेले आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. ते नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून समजून घ्यावेत आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवावं.

ज्यांना स्वतः स्पर्धेत फार पुढे जाता आलं नाही पण पाणी सोडवत नाही, त्यांच्यासाठी कोच होणं हीही वाट आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम केलेल्यांना आपण 'एनआयएस कोच' म्हणतो. शाळा, क्लब, तरणतलाव यांना असे लोक लागतात. जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं तर त्याचा गावालाही उपयोग.

कौन्सिलमन यांच्या राज्याला समुद्र नव्हता, आपल्या दाराशी खाडी आहे. त्यांच्याकडे घड्याळ, कॅमेरा आणि वही होती, आणि पहिल्या मोठ्या यशासाठी ११ वर्षं थांबायची तयारी होती. या सुट्टीत गावातल्या पाच पोरांना एखाद्या पूलवर नेऊन त्यांची २५ मीटरची वेळ एका वहीत लिहिली आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा लिहिली, तर गावात कोण किती पाण्यात आहे हे पहिल्यांदा आकड्यात कळेल. त्यातल्या एखाद्याचं नाव पुढच्या वर्षी जिमखान्याच्या अर्जावर जाऊ शकतं.

ही माहिती आपल्या शाळेतल्या खेळाच्या सरांपर्यंत आणि पालकांच्या ग्रुपवर जरूर पोचवा.